मु. पो. ता. जि.

महसुली कागदांत मालमत्ता दोन प्रकारची असते, स्थावर आणि जंगम. जमीन, विहीर, घर हे स्थावर. बैल, भांडीकुंडी, सोनंनाणं हे जंगम. दिव्यांग माणूस यातल्या कुठल्या रकान्यात बसतो हे कुठे लिहिलेलं मला आढळलं नाही, पण एकूण कारभार पाहता तो स्थावर धरला जात असावा. एका गावात, एका तलाठ्याच्या सज्जात त्याची नोंद होते. तिथल्याच जिल्ह्यात त्याचं अपंगत्व मोजलं जातं, तिथल्याच तालुक्यातून त्याचा पगार सुरू होतो आणि तिथेच तो दरवर्षी आपण जिवंत असल्याचं कळवतो. गावच्या विहिरीने उद्या शेजारच्या तालुक्यात राहायला जायचं ठरवलं, तर तहसील कचेरीची जी धांदल उडेल, तीच दिव्यांगाने बिऱ्हाड हलवलं की उडते.

पगार म्हणजे नोकरीचा नव्हे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून मिळणाऱ्या पैशांना गावाकडे कोणी अनुदान म्हणत नाही. ‘संजय गांधीचा पगार’ म्हणतात, आणि तो झाला का, अशी एकमेकांना विचारपूसही नोकरदारांच्याच थाटात चालते. योजना १९८० सालची. विधवा, परित्यक्ता, अनाथ मुलं, दुर्धर आजाराचे रुग्ण आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेली माणसं, या सगळ्यांचं दुःख एकाच टेबलावर येतं. त्या टेबलाच्या मागे ‘संगांयो शाखा’ अशी पाटी असते. पहिल्यांदा जाणाऱ्याला ते एखाद्या औषधाचं नाव वाटतं. रक्कम बरीच वर्षं ६०० रुपयांवर बसून होती. २०१९ साली ती १,००० झाली, २०२३ साली १,५००, आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी २,५००. वाढ चांगलीच आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. अट अशी की दिव्यांगाच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवं. म्हणजे सरकार स्वतःच वर्षाला ३०,००० देणार आणि वर बजावणार की घरात फार पैसा दिसता कामा नये.

आमचे दादा या योजनेचे जुने पगारदार. दादा म्हणजे माझे मामेभाऊ, पण गल्लीतले लोकही त्यांना दादाच म्हणतात. पल्स पोलिओची मोहीम १९९५ साली आली, दादा तिच्या वीस-बावीस वर्षं आधी आले. त्यामुळे डावा पाय पोलिओने घेतला. उरलेल्या पायावर आणि दोन हातांवर त्यांनी साड्यांना पिको-फॉल करायचा धंदा उभा केला. मशीनला मोटर बसवली, दारात पाटी लावली, आणि गावातल्या निम्म्या साड्यांचे काठ त्यांच्या हाताखालून गेले. मामी होती तोवर सगळं ठीक होतं. मामी गेली आणि दादांना घर बदलावं लागलं.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. धडधाकट माणूस स्वतःच्या कारणाने घर बदलतो. त्याची बदली होते, लग्न होतं, कर्ज मंजूर होतं. दिव्यांग माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याच्या कारणाने बदलतो. आई जाते. भाऊ वेगळा निघतो. तळमजल्याची खोली मालक दुकानाला देतो आणि म्हणतो, वरची रिकामी आहे की. लिफ्ट बंद पडते आणि सोसायटीच्या सभेत सहा महिने तिच्यावर फक्त चर्चा होते. थोडक्यात, ज्याने जागचं हलू नये अशी सगळ्या कागदांची अपेक्षा आहे, त्यालाच आयुष्य जास्त हलवतं.

दादांचा धाकटा भाऊ औद्योगिक वसाहतीच्या शहरात कंत्राटी कामगार आहे. तो टेम्पो घेऊन आला. मशीन, कपाट, मामीचा फोटो आणि दादा, असं सामान त्याने नेलं. सामान संध्याकाळी पोचलं. कागद अजून पोचायचे आहेत.

काय काय पोचलं ते आधी सांगतो, म्हणजे अन्याय नको. दादांचे टक्के पोचले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वच्छ लिहिलं आहे की अपंगत्वाचं प्रमाणपत्र देशभर चालेल. याच कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. त्यानंतर आलं ते यूडीआयडी कार्ड, स्वावलंबन पोर्टलवर काढायचं. त्यावर रंगीत पट्टा असतो: ४० टक्क्यांच्या खाली पांढरा, ४० पासून ८० च्या आत पिवळा, ८० पासून पुढे निळा. दादा पिवळे. पाय ५५ टक्के. उद्या दादा कोहिमाच्या बसस्थानकावर उतरले तरी पाय ५५ टक्केच भरणार, याची हमी भारत सरकारची आहे.

एसटीची सवलत पोचली. साध्या गाडीला ७५ टक्के माफ, मग गाडी गडचिरोलीची असो की सावंतवाडीची. बरोबरच्या माणसालाही निम्मं तिकीट असतं, पण त्यासाठी अपंगत्व ६५ टक्क्यांच्या पुढे लागतं. त्यामुळे दादांबरोबर मी पूर्ण तिकीट काढतो आणि त्यांना दहा टक्के कमी पडल्याबद्दल वाटभर बोलणी खायला लावतो.

धान्य पोचलं. एक देश एक रेशनकार्ड ही योजना देशात सुरू झाली तेव्हा पहिल्या जोड्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते, ऑगस्ट २०१९ मध्ये. अंगठा टेकवला की आपल्या वाट्याचा तांदूळ सुरतेतही मिळतो. आणि भावाच्या बायकोचे, म्हणजे वहिनींचे, लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये तर त्यांनी मध्ये घर बदललं तेव्हा एक महिनाही चुकले नाहीत. ती योजना विचारते ते राज्य. तालुका विचारत नाही.

टक्के आले, तिकीट आलं, तांदूळ आला. पगार मात्र जुन्या तालुक्यात बसून राहिला.

गंमत अशी की पगाराचे पैसे आता तालुक्यातून येतच नाहीत. ते वरून थेट आधारला जोडलेल्या खात्यात पडतात. दादांचा मोबाइल टुणकन वाजतो, पैसे कुठल्याही एटीएममधून निघतात. पैशाला प्रवासात कुठेच तालुका लागत नाही. तो लागतो दादांना. कारण लाभार्थ्यांची यादी तालुक्याची, तिला मंजुरी देणारी समिती तालुक्याची, आणि हयातीचा दाखला तपासणारा टेबलही तालुक्याचाच.

त्यातून ग्रामपंचायतीचा पाच टक्के निधी वेगळा. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. दादांच्या गावचं उत्पन्न घरपट्टीवर चालायचं आणि घरपट्टी थकबाकीवर, तेव्हा त्या पाच टक्क्यांतून वाट्याला जे येई त्याने एका साडीच्याही फॉलचं कापड आलं नसतं. ते सोडताना दादांना दुःख झालं नाही. फक्त ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनी सरपंच जो नारळ द्यायचे, तो नव्या शहरात कोण देणार, एवढं त्यांनी विचारलं.

आता मुख्य भाग. शहरात आल्यावर दादा भावाच्याच घरी राहणार होते. एक खोली, एक स्वयंपाकघर, पाच माणसं. वहिनींची हरकत नव्हती, मुलांना दादाकाका हवाच होता. हरकत निघाली रेशनकार्डातून. दादांचं नाव भावाच्या कार्डावर चढवायचं तर कुटुंब एक, आणि कुटुंब एक तर उत्पन्न एक. भाऊ कंत्राटी असला तरी ५०,००० रुपये तो चार महिन्यांत मिळवतो. लाडक्या बहिणीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. दिव्यांगाला ५०,०००. वहिनी आणि दादा एकाच कुकरचा भात खाणार, पण वहिनी योजनेत बसणार आणि दादा बाहेर पडणार. एका चुलीवर दोन दारिद्र्यरेषा, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत नाही.

एकत्र कुटुंबाची महती आपण शाळेपासून निबंधात लिहितो. भावाने भावाला सांभाळावं, त्यातच माणुसकी वगैरे. कागदाचं म्हणणं थोडं वेगळं आहे: सांभाळलंत तर संपलं, पगार बंद. दादांना घरात घेणारा भाऊ त्यांचं सरकारदरबारी वर्षाला ३०,००० रुपयांचं नुकसान करतो. तेव्हा सगळ्या बाजूंनी विचार करून दादांची चूल वेगळी मांडायचं ठरलं. म्हणजे भावाच्या चाळीतच, पाच दारं सोडून, तळमजल्याची एक खोली भाड्याने घेतली. भाडं साडेपाच हजार. ते भाऊ देणार. डबाही भावाकडून येणार. कागदावर मात्र दादा एकटे, स्वतंत्र आणि गरीब.

लिव्ह अँड लायसन्सचा करार झाला, अकरा महिन्यांचा, रीतसर नोंदवलेला. घरमालक सज्जन माणूस, पण आधारकार्डावर आपला पत्ता टाकू द्यायला तयार नव्हता. एकदा आधारवर पत्ता चढला की भाडेकरू जागेवर हक्क सांगतो, असं त्याला कोणीतरी लग्नात सांगितलं होतं. लाइटबिल चालेल का, तर ते मालकाच्या वडिलांच्या नावावर होतं आणि वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. वीज कंपनीच्या लेखी ते अजून दिवे लावत होते. हयातीचा दाखला न देता इतकी वर्षं सरकारी कागदावर टिकलेला तो एकमेव माणूस माझ्या पाहण्यात आहे. दादांना त्यांचा हेवा वाटला.

शेवटी रहिवासाचा पुरावा म्हणून भाडेकरारच जोडला, उत्पन्नाच्या ४८,००० रुपयांच्या दाखल्यामागे, आणि आम्ही नव्या तालुक्याच्या कचेरीत गेलो. कचेरीला रॅम्प आहे. त्यावर ओळीने मोटारसायकली लावलेल्या असतात. त्या मात्र अगदी सहज वर चढतात. संगांयोच्या टेबलावरच्या मॅडम चाळिशीच्या, समोर फायलींचा गठ्ठा, शेजारी पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला मोबाइल. त्यांनी कागद उलटेपालटे केले आणि करारावर बोट ठेवलं.

“काका, भाडं साडेपाच हजार?”

“हो.”

“महिन्याला?”

“महिन्यालाच.”

मॅडमनी कॅल्क्युलेटर घेतला नाही. “सहासष्ट हजार झाले वर्षाचे. उत्पन्न दाखवलंय अठ्ठेचाळीस. वरचे अठरा हजार कुठून आणता?”

“भाऊ देतो.”

“आणि जेवणाचं?”

“भावाकडून डबा येतो.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आवाजात राग नव्हता, खरीच शंका होती. “काका, भाडं भाऊ देतो, डबा भाऊ देतो. मग तुम्ही निराधार कसे?”

दादा शांतपणे म्हणाले, “भाऊ कंत्राटी आहे, मॅडम.”

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ हसले. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन पुन्हा उचललं. मी तेव्हापासून या पेचावर विचार करतो आहे आणि मला तो फार देखणा वाटतो. शहरात राहतो हे सिद्ध करायला भाडेकरार लागतो. शहरातलं कुठलंही भाडं वर्षाला ५०,००० च्या वर जातं. म्हणजे जो कागद तुम्ही इथे राहता हे सिद्ध करतो, तोच तुम्ही गरीब नाही हेही सिद्ध करतो. भाडं नाही म्हणालात तर विचारणार, मग राहता कोणाकडे? भावाकडे म्हणालात की रेशनकार्ड. दोन्ही दारं बंद आणि मधल्या बोळात दादा, कुबडी टेकून.

कचेरीच्या बाहेर टपरीवजा ई-सेवा केंद्र आहे. तिथल्या पोराने दोन मिनिटांत तोडगा सांगितला. “करारात भाडं दीड हजार दाखवा, वरचं हातात द्या.” घरमालकाला तो तत्काळ पटला, इतका की तो म्हणाला, आधीच का नाही सुचवलंत. पण दादांना पटेना. “पाय खोटा नाही, मग भाडं कशाला खोटं?” असं ते म्हणाले. सगळ्या प्रकरणात ऐटीत बोललेलं हे त्यांचं एकमेव वाक्य. मॅडमनीच पुढे सुचवलं की भाऊ माणुसकीपोटी मदत करतो असं त्याचं स्वयंघोषणापत्र साध्या कागदावर जोडा, साहेब काय म्हणतात बघू. माणुसकीचा नमुना अर्ज ई-सेवा केंद्रात तयार मिळाला. त्यात ‘भाऊ’ च्या जागी आधीच्या कोणाची तरी ‘नणंद’ राहून गेली होती. ती खोडून सही केली.

मग विषय निघाला टक्क्यांचा. दाखला दुसऱ्या जिल्ह्याचा आहे, इथल्या सिव्हिलचा चालला असता, असं मॅडम म्हणाल्या. मी देशभर चालण्याचा मुद्दा काढला. मॅडमना तो ठाऊक होता. त्या म्हणाल्या, “कायद्याने चालतो हो. पण ते प्रकरण झाल्यापासून वरून फार विचारतात.” ते प्रकरण म्हणजे २०२४ मधलं, एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचं. त्यात प्रमाणपत्राचीही चर्चा झाली आणि त्यासाठी दिलेल्या पत्त्याचीही. मोठ्या खुर्चीवरून कोणाचं काही चाललं की त्याचा खुलासा लहान खिडकीवर मागतात, ही आपली जुनी रीत आहे. दादांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. मॅडमनी पायाकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “राहू द्या काका. कार्डाची झेरॉक्स लावा.” पोर्टल, पट्टा आणि कलमं यांना जे जमलं नाही ते त्या पायाने केलं.

पुढची पायरी स्थळपाहणी. तलाठ्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण लोक अजून भाऊसाहेबच म्हणतात आणि तेही त्यालाच ओ देतात. भाऊसाहेब खोलीवर आले. मशीन पाहिलं, गाठोडी पाहिली, मोरीत डोकावले. म्हणाले, दोन पंच द्या, हे इथेच राहतात असं सांगणारे. गावात दादांसाठी पंच म्हणून अर्धा गाव उभा राहिला असता, उरलेला अर्धा साड्या न्यायला आलाच असता. इथे चाळीत शेजारच्या दाराला कुलूप, त्यापुढच्या दारातला मुलगा रात्रपाळी करून झोपलेला. शेवटी कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आला. तो जौनपूरचा. गेली वीस वर्षं त्याच झाडाखाली टेबल टाकून उभा आहे, आणि चाळीतल्या कोणाची बदली कधी झाली, कोण कधी आलं, हे त्याला घरमालकापेक्षा जास्त पाठ. त्याने अस्खलित मराठीत जबाब दिला की सदर इसम येथे राहतात, मी त्यांना ओळखतो, ते माझ्याकडे साड्या इस्त्रीला देतात. भाऊसाहेबांनी लिहून घेतलं आणि जाताना विचारलं, “तुमचं स्वतःचं रेशनकार्ड कुठलं?” तो म्हणाला, “जौनपूरचं. पण धान्य इथेच मिळतं, साहेब.”

आता फाइल समितीपुढे आहे. संजय गांधी योजनेची तालुका समिती असते. अध्यक्ष सत्तेतल्या पक्षाचे कार्यकर्ते, तहसीलदार सदस्य सचिव. समिती बसली की अर्ज मंजूर होतात. समिती बसायला आधी ती नेमलेली असावी लागते, नेमली तर अध्यक्षांना वेळ असावा लागतो, वेळ असला तर आचारसंहिता नसावी लागते. आमच्या फाइलीच्या वाट्याला आधी नगरपालिकांची आचारसंहिता आली, मग महापालिकांची. आणि नव्या तालुक्यात अर्ज करण्याआधी जुन्या तालुक्याकडून लाभ बंद केल्याचं पत्र आणावं लागतं. ते पत्र जुन्या तालुक्याने विलक्षण तत्परतेने दिलं. बंद करण्याच्या कामाला समिती लागत नाही. मधल्या महिन्यांचा पगार नंतर मिळेल का, असं मी मॅडमना विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आपण होऊन विषय बदलला.

हे सगळं ठाऊक असलेली माणसं काय करतात, ते चाळीत कळलं. ती काहीच करत नाहीत. घर बदललं हे सांगतच नाहीत. चाळीत एक आजी आहेत, दोन्ही डोळ्यांनी अधू, मुलाबरोबर दहा वर्षं इथे. पगार अजून गावच्या तालुक्यातून. दरवर्षी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान हयातीचा दाखला द्यायचा असतो, तेव्हा मुलगा त्यांना एसटीत बसवून गावी नेतो. गावचे भाऊसाहेब विचारतात, “आजी, हायसा न्हवं?” आजी म्हणतात, “हाय की.” शिक्का पडतो. मग देवीची ओटी, भावकीत चहा, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. वर्षभर त्या शहरात राहतात आणि एक दिवस गावात जिवंत असतात. एसटीला ७५ टक्के सवलत सरकारने बहुधा याच प्रवासासाठी ठेवली असावी. आजींनी दादांना फाइलीची सगळी हकीकत विचारून घेतली, शेवटपर्यंत ऐकली आणि एवढंच म्हणाल्या, “सांगायला कशाला गेलास बाबा?”

आणि हा झाला राज्याच्या आतला प्रवास. सीमेवर राहणाऱ्यांचं आणखी वेगळं. दोडामार्गातून डिचोलीला माणसं रोज कामाला जातात, सोयरिकी करतात, बाजारहाट करतात. मराठीही दोन्हीकडे चालते. पण एखाद्या दिव्यांगाने रस्त्याच्या त्या बाजूला बिऱ्हाड नेलं की महाराष्ट्राचा पगार सुटला. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे, पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या नावाची. तिलाही गोव्यातला पंधरा वर्षांचा रहिवास लागतो, जशी महाराष्ट्राला महाराष्ट्रातली पंधरा वर्षं लागतात. दोन्ही राज्यांचं या आकड्यावर एकमत आहे. पाण्यावरून भांडणारी राज्यं कुठेतरी एका मतावर येतात, हे पाहून बरं वाटतं. मधली पंधरा वर्षं दिव्यांगाने काय करावं यावर मात्र कुठलाच करार झालेला नाही.

असं नाही की सरकारला दिव्यांगाचं फिरणं मुळी मान्यच नाही. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. दिव्यांग वित्त व विकास महामंडळ चाकांवरचं फिरतं दुकानही देतं, बॅटरीवर चालणारं. ते घेऊन गल्लोगल्ली हिंडायचं. दुकानाने कुठेही जावं, मालकाने मात्र आपल्या तालुक्यात मुक्कामी राहावं, एवढीच अपेक्षा दिसते. दादा त्या दुकानासाठी अर्ज करणार होते. त्यावरही पत्ता लिहायचा रकाना पाहून त्यांनी तो घडी करून मशीनच्या खणात ठेवला.

दरम्यान करार संपत आला आहे. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, त्याला खोली हवी आहे. मालक अदबीने सांगून गेला. फाइल नव्या तालुक्यात रुजायला निघाली आहे आणि दादा पुन्हा हलायला निघाले आहेत. कराराची मुदत अकरा महिन्यांची आणि फाइलीला मुदतच नाही, त्यामुळे भाडेकरू दिव्यांगाचा अर्ज कायम एक घर मागे राहतो.

यावेळी दादांनी शहाणपणा धरला आहे. खोली तळमजल्यावर हवी, संडास आत हवा, आणि काहीही झालं तरी हाच तालुका हवा, म्हणजे फाइल हलणार नाही. अडचण अशी की आमच्या शहराच्या मधून हमरस्ता जातो आणि शहर दोन तालुक्यांत वाटलेलं आहे. रिक्षावाल्याला ते ठाऊक नसतं, कचेरीला ठाऊक असतं. काल एक एजंट खोल्या दाखवायला आला. फोनमधले फोटो सरकवत म्हणाला, वन आरके आहे, पाणी चोवीस तास, मालक परदेशात, कटकट नाही.

दादांनी विचारलं, “तालुका कोणता?”

एजंट क्षणभर थांबला. एवढ्या वर्षांत त्याला लोकांनी दिशा विचारली होती, मालकाची जात विचारली होती, शेजारी मटण शिजतं का विचारलं होतं. फोटो परत मागे सरकवत तो म्हणाला, “पूर्वेचा दरवाजा आहे, दादा. तालुका बघून सांगतो.”